मेश्रामबाईंची शिस्त

आईला अमेरिकेत आणण्यात तुझा फायदा काय, असं कुणी विचारलं असतं तर सुमेधाने तो बोटांवर मोजून दाखवला असता. लेक मित्रा तीन वाजता शाळेतून येते, तिला दार उघडायला घरात माणूस मिळेल. पोरीच्या तोंडी जरा मराठी बसेल. नवरा अतुल सोमवारी पहाटेचं विमान पकडून दुसऱ्या राज्यातल्या क्लायंटकडे जातो तो गुरुवारी उगवतो, मधल्या दिवसांत घर खायला उठतं, ते उठणार नाही. आणि नागपुरात बसून दर फोनवर ‘तुला काय बाई, तू तिकडे मजेत’ म्हणायची धर्मराजदादाला लागलेली सवय सुटेल. हे सगळे फायदे खरे होते आणि चारचौघांत सांगण्यासारखे होते. न सांगण्यासारखा एकच होता. सुमेधाला आईच्या तोंडून एक वाक्य हवं होतं. ‘मी तुला फार मारलं.’ बस, एवढंच. रडणं नको, पाया पडणं तर नकोच. चहा पिता पिता, खिडकीबाहेर बघत म्हटलं तरी चाललं असतं. चाळिशी उलटली होती, टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये घर झालं होतं, ऑफिसात टेस्टिंगची अख्खी टीम हाताखाली आली होती, पण हे वाक्य काही मिळालं नव्हतं. आणि ज्या एकाच तोंडातून ते यायचं, ते तोंड सत्तरीला आलं होतं. तेव्हा तिकीट पाठवण्यात घाई कुणाची होती, हे उघड आहे. दादाचीही घाई काही कमी नव्हती, पण तिचं कारण नंतर कळलं.

पहिली चपराक बसली ती इंडियन ग्रोसरीच्या रांगेत. आई येऊन महिनाही झाला नव्हता. मेथीची जुडी राहिली म्हणून सुमेधा परत आत गेली, आणि ती येताच आईने ट्रॉलीवरचा हात उचलून तिच्या कानाखाली वाजवली. ‘इतका वेळ कुठे होतीस?’ आवाज मोठा नव्हता. आई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका मेश्रामबाई, त्यांना आवाज मोठा करायची गरज नोकरीत कधी पडली नव्हती. कानातल्याचा दांडा मानेत रुतला, मेथी खाली पडली, मागची तेलुगू बाई आपल्या फोनमध्ये शिरली. काउंटरवरचे काका हसून म्हणाले, आंटी बडी स्ट्रिक्ट लगती हैं. मित्रा तेवढी हसली नाही. तिने दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि शाळेत शिकवल्याप्रमाणे हळूच म्हणाली, ‘आई, यू कॅन कॉल नाइन-वन-वन, यू नो.’ यावर सुमेधाला खरोखरचं हसू आलं. कानात शिट्टी वाजत होती आणि आत कुठेतरी जे पसरत होतं त्याला दुःख म्हणता आलं नसतं, रागही नाही. आहे, तशीच आहे, असं तिला वाटलं. सगळं जग बदललं, नागपूरच्या इंदोऱ्यातली गल्लीसुद्धा बदलली, आईचा हात तेवढा त्याच जागी बसतो. बॅगा गाडीत टाकताना तिने आरशात गाल बघितला. बोटं उमटली होती, ओळखीची बोटं, अंगठा तसाच लांब.

त्या बोटांची आणि तिची ओळख पाच वर्षांची असल्यापासूनची. वडील गिरणीत होते, खोकून खोकून गेले. मागे राहिली आई, तिची शाळेतली नोकरी, आणि शाळेतून घरी आलेली एक लाकडी पट्टी, जिची एक कड पितळी होती. दादाला पट्टीची सपाट बाजू मिळायची, सुमेधाला कड, कारण सुमेधा हुशार होती. तेराचा पाढा अडला की आई म्हणायची, ‘आठव.’ पट्टी बसायची. ‘आठव.’ पुन्हा. आठवेपर्यंत बसायची, आणि गंमत अशी की आठवायचंच. मार बसला की डोक्यात कुठला तरी दिवा लागायचा आणि आकडा समोर उभा राहायचा, त्यामुळे आईचं शास्त्र कधी खोटं पडलं नाही. एकदा अभ्यासाला बसल्या बसल्या सुमेधाला डुलकी लागली. आईने वेणी धरून तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. हनुवटीखाली जे टाके पडले त्यांची खूण अजून आहे. मित्राने लहानपणी त्यावर बोट ठेवून विचारलं होतं तेव्हा सुमेधाने सायकल म्हणून सांगितलं. टाके घालून आणल्यावर आईने तिला दूध प्यायला लावलं आणि तेच पुस्तक तेच पान उघडून दिलं. गल्लीतल्या पोरींची लग्नं होत गेली, सुमेधाला इंजिनिअरिंगची सीट मिळाली. लोक आईच्या पाया पडायला आले. बाई, तुमच्यामुळे. आई म्हणाली, ती रोज बसली म्हणून. मारल्याचं कुणी बोललं नाही, कारण सगळ्यांनाच ते दिसत होतं, आणि फळ समोर पेढे वाटत उभं होतं. प्रत्येक फटक्याला कारण होतं, हे सुमेधाला तेव्हाही मान्य होतं. तिचं भांडण कारणाशी नव्हतंच. तिला एवढंच हवं होतं की फटका हा फटका होता असं मारणाऱ्याने एकदा म्हणावं.

म्हणूनच चूक झाली. दुसऱ्या कुठल्याही घरात म्हातारी असं वागू लागली असती तर तिला केव्हाच डॉक्टरकडे नेलं असतं. गोड बाई शिव्या द्यायला लागली, शांत बाई भांडी फेकायला लागली की घरच्यांना कळतं, काहीतरी बिघडलं. इथे बिघडल्यासारखं काही दिसेना. मेश्रामबाई आधीही मारत होत्या, आताही मारत होत्या. एप्रिलमध्ये मंडळाचा जयंतीचा कार्यक्रम होता, एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. ह्यूस्टनहून, ऑस्टिनहून माणसं गाड्या हाकत आली होती. आईला ज्येष्ठ म्हणून स्टेजवर बसवलं. निळ्या काठाची पांढरी साडी, चष्मा, ताठ पाठ. संयोजक उपासना, पुण्याची, बोलायला उभी राहिली आणि एका सनावर अडखळली. आई खुर्चीतून उठली, शांतपणे चालत गेली आणि तिच्या पाठीत धपाटा घातला. माइकमधून तो सगळ्या हॉलला ऐकू गेला. मग आईने सन बरोबर सांगितला, पुढची दहा मिनिटं कागदाशिवाय बोलली, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. जेवणाच्या रांगेत उपासना पाठ चोळत हसत होती. सुमेधाताई, आमच्या पिढीला हेच मिळालं नाही, काकूंची शिस्त. एकाने तर स्वतःच्या पोराला पुढे केलं, काकू, याला पण एक द्या. सुमेधाही हसली. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या आईने तेवढ्यात तिच्या दंडाचं मांस चिमटीत धरलं आणि पिळलं, कारण काही नव्हतं, आणि पिळत असताना ती समोरच्या टेबलावरच्या पुलावाकडे बघत होती. सुमेधाने तिचा चेहरा पाहिला. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. आईचा मारतानाचा चेहरा सुमेधाला पाठ होता, भुवईपासून दातापर्यंत. हा तो नव्हता. हात तोच होता, पण त्याच्यामागे कुणी नव्हतं.

त्यानंतर तिला दिसायला लागलं. आई आता मारते ती पाढ्यासाठी नाही, दूध उतू गेलं म्हणूनही नाही. हात हवेत जातो आणि खाली येतो, जसं कुणी सवयीने कडी लावावी. आंघोळीला नेलं की ती नळाला धरून बसायची आणि ओढलं की चावायची. सुमेधाच्या मनगटावर दातांची चंद्रकोर जांभळी होऊन पिवळी व्हायची आणि पिवळी होते न होते तोवर शेजारी दुसरी उगवायची. ऑफिसात ती एसी फार लागतो म्हणून उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे शर्ट घालू लागली. बाहेर टेक्सासचं ऊन गाड्यांच्या टपावर नाचत असायचं. एकदा आईने गरम चहाचा कप भिंतीवर फोडला, एकदा झारा सुमेधाच्या कपाळावर मारला, एकदा झोपलेल्या अतुलच्या छातीवर जाऊन बसली आणि घरात चोर शिरला म्हणून त्याला बुक्के मारत राहिली. अतुल सकाळी सुजलेल्या डोळ्याने विमानात बसला. त्याने क्लायंटला रॅकेटबॉल खेळताना चेंडू लागला म्हणून सांगितलं. या घरात सायकल, एसी, रॅकेटबॉल, कारणांची कमतरता नव्हती. सुमेधाने दादाला फोन लावला. त्याने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘तुला मारलं? मग बरी आहे ती.’ आणि हसला. ती हसली नाही तेव्हा एकेक बाहेर आलं. आई दोनदा हरवली होती. वहिनीचं बोट तिने दारात चेपलं होतं. तिकडची हवा मानवेल असं वाटलं, दादा म्हणाला, शिवाय तू लाडकी. लाडकी हा शब्द त्याने इतक्या सहज काढला की सुमेधाला क्षणभर वाटलं तो दुसऱ्या कुणाबद्दल बोलतोय. पट्टीची कड जिला मिळाली ती लाडकी, हे त्याने मनात कधीच नोंदवून ठेवलं होतं.

डॉक्टर तरुण होती, मऊ बोलणारी. तिने आईला घड्याळ काढायला सांगितलं. आईने सुरेख गोल काढला आणि सगळे आकडे एका कुशीत कोंबले. तिने सुमेधाला विचारलं, आई पूर्वीपासून हात उचलायची का, की हे नवीन आहे? एवढी वर्षं हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, आणि आता विचारला तो पांढऱ्या कोटातल्या परक्या मुलीने. ती आईकडे वळली. तिला वाटलं, आता, इथे. ‘आई, डॉक्टर विचारतात, तू आम्हाला लहानपणी मारायचीस का?’ आईने चष्मा नीट केला. मुख्याध्यापिकेचं ते जुनं, समजूतदार हसू तिच्या तोंडावर आलं. ‘मी? माझ्या लेकीला मी कधी बोट लावलं नाही. माझी लेक मारण्यासारखी नव्हतीच.’ ती खोटं बोलत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाहिलं तर तळापर्यंत स्वच्छ पाणी. डॉक्टर वाट बघत होती. सुमेधाने वाक्य इंग्रजीत केलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता, आणि डॉक्टरने मान हलवत लिहून घेतलं की आक्रमकपणा नवा आहे, स्मृतिभ्रंशाच्या आजारामुळे आलेला. झालं. पट्टी, चौकट, टाके, सगळ्यावर सही-शिक्का पडला की असं काही घडलंच नाही. निघताना डॉक्टर दाराशी थांबली. नऊ वर्षांच्या मुलीला यांच्याबरोबर एकटं ठेवू नका, म्हणाली.

अतुलने गावाच्या दुसऱ्या टोकाला अशा म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी एक जागा शोधली. दोन गुजराती म्हाताऱ्या तिथे होत्या, वरण-भात मिळायचा, दाराला कोडचं कुलूप होतं. खोली रिकामी आहे, यार सुमेधा, हो म्हण, तो प्रत्येक गुरुवारी म्हणायचा. सुमेधा म्हणायची, लोक काय म्हणतील, मुलगी असून टाकून दिलं. हे सांगण्यासारखं होतं म्हणून ती सांगायची. खरी गोष्ट अशी की तिचं काम व्हायचं बाकी होतं. आईच्या डोक्यातली दारं एकेक बंद होत होती, आणि आतल्या कुठल्या तरी खोलीत ती लाकडी पट्टी अजून असणार, दार लागायच्या आत ती बाहेर काढायला हवी, अशी घाई तिला लागली होती. ऑफिसातून आली की आता मित्राला सांभाळायला येणारी बाई, शेजारची रिटायर झालेली मराठी मावशी, निघून जायची आणि सुमेधा आईसमोर खुर्ची ओढून बसायची. तुला चौकट आठवते? कुठली चौकट? दाराची. इंदोऱ्याच्या घराची. रक्त आलं होतं, शेजारच्या काकूंनी हळद लावली. आई ऐकायची, मध्येच हात उचलून तिच्या तोंडावर मारायची, आणि सुमेधा ओठ पुसून पुन्हा विचारायची. एखादा फौजदार काय विचारील अशी. तिचं तिकडे लक्ष नसायचं, पण टेबलाच्या त्या बाजूला मित्रा होमवर्क करत बसलेली असायची, आणि पेन्सिल चालायची थांबलेली असायची.

त्या बुधवारी दुपारी मावशी नव्हती, म्हणून सुमेधा घरून काम करत होती. नंतर तिला म्हणता आलं असतं की आई मित्रावर धावून गेली. तसं काही झालं नाही. आई त्या दिवशी छान होती. तिने स्वतःहून केस विंचरले होते, मित्राच्या वहीत डोकावत होती, आणि मित्राच्या डोक्यावर हात ठेवून ती म्हणाली, ‘तुझी आई फार गुणाची. तिला कधी हात लावावा लागला नाही.’ बस एवढंच. सुमेधा लॅपटॉपवरून उठली. तिने आईचा हात मित्राच्या डोक्यावरून उचलला आणि उचललेला सोडला नाही. ‘आठव,’ ती म्हणाली. आई हसली. सुमेधाने दुसऱ्या हाताने तिच्या तोंडात मारली. चष्मा उडून फ्रिजखाली गेला. ‘आठव.’ पुन्हा मारली. हाताला गालाची मऊ, सैल कातडी लागत होती आणि तिच्याखाली हाड, आणि तिला आश्चर्य वाटलं की हे किती सोपं आहे, किती गरम वाटतं दंडापासून बोटांपर्यंत, आईला रोज असंच वाटत असेल. ‘पट्टी आठव. चौकट आठव. बोल.’ प्रत्येक शब्दाला एक. आईने हात सोडवायला ओढला, सुमेधाने तो पिळला, तेवढ्यात ओली काडी मोडल्यासारखा बारीक आवाज आला, आणि आई ओट्याला पाठ घासत खाली बसली. तिने चांगला हात डोक्यावर धरला. कोपर पुढे, मान आत, गुडघे पोटाशी. असं बसायला कुणी शिकवावं लागतं. सुमेधाला ते बसणं आतून माहीत होतं. ‘चुकलं, बाई,’ आई म्हणाली. आवाज सात-आठ वर्षांच्या पोरीचा होता. ‘चुकलं माझं. मी माठाला हात नाही लावला. मी लांबच उभी होते, बाई.’

सुमेधाचा हात वरच राहिला. कुठला माठ, हे तिला कळायला वेळ लागला नाही. आई तालुक्याच्या गावी मुलींच्या शाळेत शिकली एवढंच घरात माहीत होतं. त्या शाळेचं आई कधी बोलली नाही, आणि तिने बोलावं असं कुणी म्हटलंही नाही. पाणी कोण वाढायचं, कुणी लांब उभं राहायचं, माठाशी कोण मारायचं. चूक कबूल करणारं वाक्य आईच्या तोंडून अखेर आलं होतं, आणि ते सुमेधासाठी नव्हतं. ते दुसऱ्याच कुठल्या बाईला सांगितलेलं होतं, साठ-पासष्ट वर्षांपूर्वी, आणि त्या बाईनेही बहुधा ऐकलं नसावं. सुमेधा खाली बसली. आईला जवळ घ्यायला तिने हात पुढे केला तशी आई आणखी आत गेली, ओट्याच्या लाकडात शिरायला बघावं तशी. मित्रा खुर्चीतून हलली नव्हती.

इमर्जन्सीत नर्सने आईला आत घेतलं, मनगट, गाल, ओठ सगळं बघितलं, आणि मग सुमेधाला बाहेरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं, अगदी आदराने. पडदा अर्धाच ओढलेला होता. आई नर्सकडे बघून प्रसन्न हसत होती. हात कशाने दुखतो हे तिला एव्हाना आठवत नव्हतं. नर्स मित्रासमोर उकिडवी बसली. आजीला काय झालं, स्वीटी, तू होतीस का तिथे? सुमेधाने दोन्ही पंजे मांडीखाली दाबून धरले. तिला समोर सगळं स्पष्ट दिसत होतं, पोलीस, मित्राला घेऊन जाणारी कुणी बाई, अतुलचा चेहरा, मंडळातल्या लोकांचा. मित्राने तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. ‘शी फेल,’ ती म्हणाली. नर्स थांबून राहिली. मित्राने खांदे उडवले, दप्तराचा पट्टा सरळ केला. ‘शी फॉल्स अ लॉट. आय टेल हर टु बी केअरफुल.’ इतकं सफाईदार खोटं सुमेधाला चाळिशीतही जमलं नसतं. नर्सने पोरीच्या गुडघ्यावर थोपटलं आणि आजीला अशी काळजी घेणारी नात मिळाली हे किती भाग्याचं, असं काहीसं सुमेधाला सांगितलं.

पार्किंगमध्ये गाडी तापून भट्टी झाली होती. आईला पुढे बसवलं, पांढरं प्लास्टर मांडीवर ठेवलं, पट्टा लावला. अतुलला फोन केला आणि ती खोली घेऊन टाक म्हटलं. तो इतका खूश झाला की काय झालं हे विचारायचंही विसरला. सुमेधाने गाडी चालू केली नाही. मागच्या सीटवरून मित्राने विचारलं, आवाजात काही नव्हतं, उद्या डब्यात काय म्हणून विचारावं तसं, ‘आई, व्हॉट डू आय से नेक्स्ट टाइम?’

नेक्स्ट टाइम नाही, बाळा, असं सुमेधाला म्हणायचं होतं. तिने वळून हात मागे नेला, पोरीचा गुडघा धरायला. मित्राने गुडघा काढून घेतला नाही. तिने फक्त चेहरा बाजूला केला आणि डोळे मिटले, आणि वाट बघत बसली.

माठाजवळच्या त्या बाईला काही भरावं लागलं नाही, तिचं नावही कुणाला ठाऊक नाही. दादा सुटला. अतुलला गुरुवार शांत मिळाले. आईचं हाड सहा-सात आठवड्यांत जुळलं, आणि ते मोडलं कुणी हे ती त्याच संध्याकाळी सुमेधाला काळजीने विचारत होती. सुमेधाची अब्रू, नोकरी, घर, सगळं जागच्या जागी राहिलं. जे काही भरायचं होतं ते मित्राने भरलं, आणि या सगळ्यांत तीच एक अशी होती की जिने कुणाला मारलं नव्हतं आणि जिला कुणी बोट लावलं नव्हतं.